रसाळ-सानची आरोळी

सेंदाईत आल्यावर स्नेहलता रसाळ यांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. माझं सामान अजून खोक्यांतच होतं. हवा यावी म्हणून खिडकी उघडली, तर खालच्या सायकल-स्टँडवरून खणखणीत मराठी वर आलं, "अरे शशांक, डबा घेतलास का? आणि चष्मा?" मी चौथ्या मजल्यावर होते, तेही इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे मराठी बोलायला कुणी भेटेल की नाही, या काळजीनं मला पुण्यापासून पोखरलं होतं. ती काळजी त्याच क्षणी मिटली. चपला पायात सरकवून मी जिने उतरत धावले.

खाली एक ठेंगणी, भक्कम बांध्याची बाई उभी होती. पंचेचाळिशीच्या पुढची, केस आखूड, अंगात रेनकोट आणि खांद्यावर एवढी मोठी बॅग, की तिच्यात लहानसा माणूस मावेल. शेजारी त्यांचे यजमान, शशांकदादा, सायकलचं कुलूप काढत होते. ते इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतात आणि इतकं हळू बोलतात की समोरच्यानं कान पुढे करावा लागतो.

"अगं, पुण्याची का तू? नाव काय?"

"चैत्राली."

"चैत्राली, संध्याकाळी जेवायला ये. वरण-भात, बटाट्याची भाजी. आत्ता मला प्रॅक्टिसला जायचंय." त्यांनी बॅगेवर थाप मारली. "आइस हॉकी. मी गोलकीपर आहे."

मला वाटलं, गंमत करतायत.

ती गंमत नव्हती. पुढे स्नेहलताताईंशी माझी घट्ट मैत्री झाली आणि त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. त्यातला शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखतच घडला.

ताईंचं माहेर इचलकरंजीचं. घराच्या मागच्या भिंतीला लागून वडिलांची मागांची शेड होती. सकाळी माग सुरू झाले की त्यांचा खडखडाट दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागावं लागे. हळू बोलणाऱ्याला तिथे जेवण मिळालं नसतं, असं ताई म्हणतात. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या तेव्हा सासूबाईंना वाटलं, सून रागीट आहे. मग कळलं की ती प्रेमानं बोलतेय. आडनाव रसाळ आणि वाणी अशी तोफेसारखी, यावर सासरी बरेच विनोद झाले.

मग शशांकदादांना सेंदाईत काम मिळालं. पाच वर्षांची लेक मैत्रेयी, प्रेशर कुकर आणि तो आवाज घेऊन ताई जपानला आल्या.

आमची वसाहत शहराच्या उत्तरेला, टेकडीच्या उतारावर आहे. चार मजली जुन्या इमारती, लिफ्ट नाही आणि भिंती पातळ. रसाळांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या बरोब्बर खाली कुमागाई-सान राहतात. सान म्हणजे आपल्याकडचं राव किंवा ताई. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर ते वसाहतीच्या रहिवासी समितीचे प्रमुख झाले. कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा याबाबत त्यांचा शब्द अखेरचा. उंच, ताठ, एकटे राहणारे आणि रात्री आठला झोपणारे गृहस्थ.

रसाळ मंडळी राहायला आली त्यानंतर काही दिवसांनी कुमागाई-सान ताईंना जिन्यात भेटले. थोडं वाकून म्हणाले, "ओगेंकि देसु ने." म्हणजे, तुमची तब्येत अगदी ठणठणीत दिसते हं. ताईंना फार बरं वाटलं. परक्या देशात शेजारी आपल्या तब्येतीची चौकशी करतो! त्यांनी बेसनाचे लाडू केले आणि खाली नेऊन दिले. पुढच्या महिन्यात कुमागाई-सान पुन्हा तेच म्हणाले. पुन्हा लाडू गेले. असं दोन वर्षं चाललं. शेवटी मैत्रेयी दुसरीत गेल्यावर, जपानी तिच्या जिभेवर पुरतं बसल्यावर, तिनं उलगडा केला.

"आई, ते कौतुक करत नाहीयेत. तू फार मोठ्यानं बोलतेस, असं सांगतायत."

"मग सरळ सांगायला काय झालं?"

"हेच सरळ सांगणं आहे, आई."

त्यानंतर ताईंनी आवाज कमी करायचा खूप प्रयत्न केला. पण जन्माची सवय. रंग चढवला तरी पावसात उतरायचाच.

हॉकी त्यांच्या आयुष्यात आली ती मैत्रेयीमुळे. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर ती रिंकवर गेली आणि तिथेच रमली. ते रिंक म्हणजे बसनं वीस-पंचवीस मिनिटांवरची पत्र्याची जुनाट शेड. आत बर्फाचं मैदान, भोवती फळ्यांचा कठडा, आणि कठड्यावर आपटणारी पक नावाची काळी रबरी चकती. दिवसा तिथे हौशी लोक आणि गिरक्या घेणाऱ्या मुली असत. हॉकीवाल्यांना उरलेल्या वेळा मिळत, म्हणजे बहुतेक पहाट. मुली खेळत आणि आया बाकावर घोंगड्या पांघरून कुडकुडत बसत.

अशा कुडकुडणाऱ्या आयांनीच एक दिवस आपली टीम काढली. कॅप्टन झाली चिबा-सान. ती दातांची डॉक्टर आहे, अंगानं काडी आणि स्वभावानं वादळ. खेळाडू जमले, पण गोलकीपर मिळेना. ते अवजड पॅड, तो पिंजऱ्यासारखा मुखवटा आणि अंगावर येणारी चकती कुणालाच नको होती.

"रासारु-सान, तुम्ही उभ्या राहाल?" चिबा-साननं विचारलं. रसाळचं तिथे रासारु झालं होतं.

"मला स्केटिंग येत नाही."

"गोलकीपरला कुठे जायचं असतं?"

हे साफ खोटं होतं, पण ताईंना ते नंतर कळलं. त्या उभ्या राहिल्या आणि पहिल्याच मिनिटाला पडल्या. पडल्या त्या नेमक्या चकतीवर, आणि गोल वाचला. सगळ्या बायकांनी काठ्या बर्फावर आपटून जल्लोष केला. त्यानंतर समोरच्या टीमची खेळाडू डावीकडून घुसताना दिसली आणि ताईंच्या तोंडून आपोआप निघालं, "अगं डावीकडे! डावीकडे बघ!"

पत्र्याची शेड दणाणली. मराठी कुणालाच कळलं नाही, पण आवाजाच्या रोखानं सगळ्यांनी डावीकडे पाहिलं.

चिबा-सान घसरत त्यांच्यापाशी आली. ताईंना वाटलं, आता ही हळू बोलायला सांगणार. ती म्हणाली, "हे अजून जोरात करता येईल का?"

जपानला आल्यापासून कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, म्हणून पुढच्या खेळाडूंना ओरडून सांगणं हे त्याचं कामच असतं. आजवर जो आवाज सगळ्यांना जास्त होत होता तो इथे कमी पडत होता. ताई मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते."

हळूहळू साऱ्या टीमला डावीकडे, उजवीकडे, मागे, सोड, धर एवढं मराठी येऊ लागलं. समोरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, हा आणखी एक फायदा. मैत्रेयीनं पुढे दहावीच्या सुमाराला हॉकी सोडली, अभ्यास आणि बँडपथक यांत ती गुंतली. ताईंनी सोडली नाही.

मी आले त्याच हिवाळ्यात जुनं रिंक बंद होणार असल्याची बातमी आली. बर्फ धरून ठेवणारी यंत्रं म्हातारी झाली होती, विजेचं बिल मालकाला झेपत नव्हतं, आणि वसंतात शेड पाडायची असं ठरलं. आसपास दुसरं रिंक होतं, पण तिथे हॉकीला जागाच नव्हती. शहरातल्या दोन-तीनशे मुली, मुलगे, आया, कॉलेजवाले, सगळे एका फटक्यात उघड्यावर आले.

नगरपालिकेनं एक तोडगा पुढे केला. आमच्या वसाहतीला लागूनच एक प्राथमिक शाळा होती. मुलं उरली नाहीत म्हणून ती काही वर्षांपूर्वी बंद पडली. ती जागा शहर देईल. एक कंपनी तिथे नवं हॉकीचं रिंक बांधेल, चालवेल, आणि तिकिटांतून व भाड्यातून आपले पैसे वसूल करेल. सरकारी शाळांसाठी शहर दरवर्षी काही तास विकत घेईल. बांधकामाचा उरलेला वाटा खेळाडूंनी आणि नागरिकांनी वर्गणी काढून उभा करायचा. पण ह्या सगळ्याच्या आधी एक अट होती. शेजारच्या रहिवाशांची हरकत असेल तर प्रस्ताव सभागृहात मांडलाच जाणार नव्हता.

शेजारचे रहिवासी म्हणजे आम्ही. आणि आमचे प्रमुख म्हणजे कुमागाई-सान.

शेजाऱ्यांना योजना समजावून सांगायची सभा वसाहतीच्या हॉलमध्ये भरली. नगरपालिकेच्या क्रीडा विभागाची ओनोदेरा-सान नकाशे घेऊन आली होती. तरुण, चुणचुणीत मुलगी. तिनं सगळं नीट मांडलं. मग कुमागाई-सान उठले.

"पहाटे पाचला मोटारी येणार. चकती फळीवर आपटणार. शिट्ट्या वाजणार. माझ्या खिडकीपासून हे किती लांब आहे, ते तुमच्या नकाशात दाखवा."

ते फारच जवळ होतं. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. मी शेजारी पाहिलं तर स्नेहलताताई उभ्या राहिल्या होत्या. ओनोदेरा-साननं माइक पुढे केला, पण त्या आधीच बोलायला लागल्या होत्या.

"आम्हीही इथेच राहतो! ही मुलं जाणार कुठे? मी सांगते, भिंती चांगल्या असल्या तर अजिबात आवाज येणार नाही!"

त्यांचं जपानी चांगलं आहे. मुद्दाही बरोबर होता. पण खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

कुमागाई-सान शांतपणे म्हणाले, "रासारु-सान, मी इतकी वर्षं तुमच्या खाली राहतोय. तुमच्या घरात जेवायला काय आहे हे मला रोज कळतं. आता तुमच्यासारखे आणखी वीस जण तिथे येणार. नेमकं ह्यालाच मी घाबरतोय."

लोक हसले. दुष्टपणानं नाही, पण हसले. ताई खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला.

"माझ्यामुळे बुडालं सगळं," जिना चढताना त्या पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या.

आणि मग त्या हळूच बोलू लागल्या. घरात, दुकानात, फोनवर. शशांकदादांना वाटलं त्यांना ताप आहे. त्यांनी थर्मामीटर आणून दिला. इचलकरंजीहून आईचा फोन आला. "काय गं, घसा बसलाय व्हय तुझा? मला काय बी ऐकू येईना." प्रॅक्टिसला त्यांनी तोंड मिटून गोल राखला, तर टीमनं दुप्पट गोल खाल्ले. मैत्रेयी तेव्हा टोकियोला कॉलेजात गेली होती. तिनं व्हिडिओ कॉलवर आईकडे बघितलं आणि जपानीत विचारलं, "कुणी काय बोललं तुला?"

असा आठवडा गेला असेल. मी त्यांच्याकडे चहा पीत बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात कुमागाई-सान. हातात ताज्या कांद्याच्या पातींची जुडी, अर्ध्या माणसाएवढी लांब.

"नातेवाइकांच्या शेतातल्या आहेत," ते म्हणाले. मग घुटमळले. "घरात... कुणी आजारी आहे का?"

"नाही. का?"

"खाली काहीच ऐकू येत नाही. काल जेवायला काय होतं तेही कळलं नाही." ते चपलांकडे बघत म्हणाले, "सभेत मी जास्त बोललो. ते तुमच्याबद्दल नव्हतं. म्हणजे होतं, पण त्या अर्थानं नव्हतं."

ताईंनी त्यांना आत बोलावलं. चहा दिला, लाडू दिला. आणि चहाचा कप भरता भरताच त्यांना एक कल्पना सुचली. मी त्यांच्या चेहऱ्यावर ती उजाडताना पाहिली.

"कुमागाई-सान, तुम्हाला माझ्या आवाजाची भीती वाटते ना? मग तो आवाजच मोजू या. ज्या कंपनीला हे बांधायचंय, तिनं शेजारच्या प्रांतात अगदी असंच रिंक बांधलंय. तुम्ही सगळे बाहेर उभे राहा. मी आत ओरडते. माझ्याएवढं मोठ्यानं कुणी ओरडत नाही, हे तर तुम्हाला मान्य आहे?"

"पूर्णपणे," कुमागाई-सान लाडू खात गंभीरपणे म्हणाले.

ओनोदेरा-साननं बस ठरवली, तिथल्या बायकांच्या टीमशी सामना ठरवला, आणि एका रविवारी आम्ही निघालो. टीम, पॅडच्या बॅगा आणि रहिवाशांतले पंधरा-वीस जण. कुमागाई-सान पहिल्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या ब्रेककडे बघून नाक फेंदारत राहिले. जाताना वाटेत चिबा-साननं ताईंना घशासाठी मधाच्या गोळ्या दिल्या. इतर बायकांनी त्यांचे खांदे चोळून दिले, कुस्तीच्या पैलवानासारखे.

ते रिंक जाड, करड्या भिंतींचं होतं. टीम आत गेली. आम्ही मागच्या कुंपणापाशी उभे राहिलो, कुमागाई-सानची खिडकी जितकी लांब असणार तितक्याच अंतरावर. ओनोदेरा-साननं आवाज मोजायचं यंत्र तिपाईवर लावलं.

सामना सुरू झाल्याचा निरोप आला. आम्ही कान टवकारले.

एका झाडावर कावळा ओरडला. लांबून ट्रक गेला. इमारतीच्या बाजूला एक यंत्र घूं करत होतं. बाकी काही नाही.

"अजून सुरू झालं नाही का?" कानात यंत्र घालणाऱ्या आजींनी विचारलं.

"झालंय. केव्हाच झालंय."

कुमागाई-सानच्या कपाळावर आठी पडली. "रासारु-सान मुद्दाम गप्प आहेत," ते म्हणाले. "मी त्यांना ओळखतो. प्रकल्प हवाय ना त्यांना." आणि आम्ही अडवायच्या आत ते लांब ढांगा टाकत मागच्या दाराशी पोहोचले. आम्हीही मागोमाग. तिथल्या माणसानं त्यांना दोन्ही दारं उघडून दिली, एकामागून एक.

"...कडे! अगं डावीकडे! मागे बघ, मागे! धर तिला!"

इचलकरंजीचे सगळे माग एकदम सुरू व्हावेत तसा तो आवाज बाहेर उसळला. झाडावरचा कावळा उडाला. ओनोदेरा-सानच्या यंत्रावरचा आकडा वर पळाला.

कुमागाई-साननी दार लावलं. शांतता.

त्यांनी दार उघडलं. "सोड! सोड ती चकती!"

लावलं. शांतता.

उघडलं. "अरे देवा!" तेवढ्यात बहुधा गोल झाला होता.

लावलं.

लहान मूल फ्रिजचं दार उघडून आतला दिवा तपासतं, तसं त्यांचं कितीतरी वेळ चाललं होतं. आधी आजीबाई हसायला लागल्या, मग सगळेच. शेवटी कुमागाई-सानचे खांदेही गदगदू लागले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलेलं नव्हतं. ते दाराला पाठ लावून उभे राहिले, डोळे पुसले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "ह्या बाईंना जी भिंत अडवते, ती कुणालाही अडवेल."

सामना संपल्यावर ताई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "ऐकू आलं का?" त्यांचा आवाज पार बसला होता, खरंच बसला होता.

"एक अक्षर नाही!" मी त्यांना मिठी मारली. पॅडसकट त्या माझ्या मिठीत मावत नव्हत्या.

कुमागाई-साननी मात्र तेवढ्यावर विषय सोडला नाही. ते बसवाले होते, त्यांना रस्त्यांचं, गाड्यांचं कळत होतं. परतीच्या वाटेवर त्यांनी ओनोदेरा-सानला शेजारी बसवून घेतलं आणि आपलं म्हणणं सांगितलं. घूं करणारं यंत्र वसाहतीकडे नको, मोठ्या रस्त्याच्या बाजूला हवं. मोटारींचं फाटकही तिकडूनच. आणि शाळेच्या आवारातली चेरीची झाडं तोडायची नाहीत. ओनोदेरा-सान मान डोलावत राहिली. नकाशा बदलला, आणि उन्हाळ्याच्या आधी प्रस्ताव सभागृहात मंजूर झाला.

आता उरली वर्गणी. त्यात ताई तरबेज होत्या. लहानपणी गणपतीच्या मंडळासाठी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारावर थाप मारलेली. इथे दारावर थाप मारून चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शरद ऋतू आला. त्या दिवसांत सेंदाईचे लोक नदीकाठी चुली मांडून अळकुड्यांचं रस्सेदार कालवण शिजवतात, त्याला इमोनी म्हणतात. टीमनं नदीकाठी मोठं पातेलं चढवायचं ठरवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटी विकायची, पैसे रिंकला.

"रासारु-सान, तुम्ही करी कराल ना?" एकीनं विचारलं. भारतीय माणूस दिसला की सगळे हेच विचारतात.

"मी स्वयंपाक बरा करते, बस. बोलावणं मात्र झकास करते," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पलीकडच्या काठापर्यंत लोकांना हाका घातल्या. पाहता पाहता रांग पुलाखालून वळली. मांस न घातलेलं एक छोटं पातेलं माझ्यासाठी आणि ताईंसाठी वेगळं ठेवलं होतं, तेही लोकांनी संपवलं. आम्ही दोघी भूक लागल्यावर कोंबिनी म्हणतात तसल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे गोळे आणून खाल्ले. अशा वाट्या, कपड्यांचे बाजार, कंपन्यांच्या देणग्या, कुणाकुणाचे निवृत्तीचे पैसे, असं करत हिवाळ्यापर्यंत वाटा भरला.

मग बांधकाम. ताईंच्या बाल्कनीतून सगळं दिसायचं. आमचा रोजचा चहा तिथेच व्हायला लागला. शाळा पाडली त्या दिवशी तिथे शिकलेली माणसं बघायला आली होती, आणि काही रडलीही. मग खोल खड्डा, पोलाद, भिंती. सगळ्यात गंमत वाटली ती बर्फाखालच्या जमिनीची. कामगारांनी नळ्यांवर नळ्या अंथरल्या, जवळजवळ, शेवयांसारख्या. त्यांतून शून्याखालचं खारं पाणी फिरणार आणि वरचा बर्फ गोठून राहणार. त्यावर काँक्रीट ओतायचं ते एकाच दमात, मध्ये थांबलं तर भेग पडते. त्यामुळे पहाटेपासून काँक्रीटच्या गाड्यांचा आवाज होणार होता. आदल्या दिवशी प्रत्येक घरी जाऊन ते सांगून आले कोण, तर कुमागाई-सान. आणि त्या पहाटे ते टोपी घालून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहिले, आणि प्रत्येक गाडीला हातानं वळण दाखवत राहिले. ते काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. एका ड्रायव्हरनं काच खाली करून त्यांना सलाम ठोकला, तेव्हा त्यांनी इतका कडक सलाम परत केला, की ताई बाल्कनीत टाळ्या वाजवू लागल्या.

"ओगेंकि देसु ने!" ते खालून ओरडले. चक्क ओरडले.

गेल्या शरदात नवं रिंक सुरू झालं. बर्फ करायला काही दिवस लागले. पाण्याचा पातळ फवारा, तो गोठला की दुसरा, मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, मग पुन्हा पाणी. रेषा ओढायला टीमला बोलावलं होतं. ताईंनी गोलापुढचा निळा अर्धगोल रंगवला, जीभ दातांत धरून, रांगोळी काढावी तसा.

उद्घाटनाच्या सामन्याला मैत्रेयी टोकियोहून आली. आईला तिनं आधी सांगितलंच नव्हतं. चिबा-सानशी मात्र तिचं गुपचूप ठरलं होतं. एक खेळाडू आजारी असल्याचं निमित्त झालं आणि कपडे बदलायच्या खोलीतून शेवटी जी पोरगी बाहेर आली, ती चिबा-सानचे जुने स्केट घालून, लंगडत.

"तू?" ताईंनी मुखवटा वर केला.

"बचाव करते. तुझ्या पुढे," मैत्रेयी म्हणाली. चक्क मराठीत.

पाच वर्षं बर्फावर पाय न टाकलेली मुलगी. पहिल्या पाच मिनिटांत ती तीनदा पडली. मग पायांना आठवलं. मी प्रेक्षकांत बसले होते, शेजारी शशांकदादा, आणि पुढच्या रांगेत आमची अर्धी वसाहत.

"मैत्रेयी, डावीकडे! डावीकडे!"

"वाकात्तेरु!" म्हणजे, कळलंय गं!

"मग जा की!"

"जातेय ना!"

दोघींचं हे भांडण सगळ्या रिंकला ऐकू येत होतं आणि सगळं रिंक त्यावर खूश होतं. शशांकदादा उठून उभे राहिले आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच मोठ्यानं काहीतरी ओरडले. काय ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही. शेवटच्या मिनिटांत समोरची एक लांबसडक मुलगी एकटीच गोलावर चालून आली. मैत्रेयीनं आडवं पडून तिची वाट अडवली, ताईंनी चकती छातीवर घेतली, आणि मायलेकी एकमेकींवर कोसळून गोलात जाऊन पडल्या. चकती बाहेर राहिली.

सामना आम्ही हरलो, सहा-दोन. ते दोन गोल चिबा-सानचे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, मैत्रेयी परत जाणार होती. सकाळी मी निरोप घ्यायला गेले तर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, टाचांना पट्ट्या चिकटवलेल्या. उसन्या स्केटनी चांगलेच फोड आणले होते. ताई बाजूला बसून आपला गुडघा शेकत होत्या.

"आई, माझ्या कॉलेजजवळ एक बायकांची टीम आहे," मैत्रेयी फोनकडे बघत म्हणाली. "मंगळवारी पहाटे प्रॅक्टिस असते."

गुडघ्यावरची पिशवी ताईंनी बाजूला ठेवली आणि घड्याळ बघितलं.

"गाडी तीनची ना? मग उठ. स्टेशनजवळच्या खेळाच्या दुकानात जाऊ. पायाच्या मापाचे स्केट घेऊ या तुला. चैत्राली, तूही चल. हिला ना, घट्ट का सैल ते नीट सांगता येत नाही कधी."

जिना उतरताना दुकानात काय काय बघायचं ते ताई सांगत होत्या, आणि दोन मजले खाली पोहोचलेली मैत्रेयी तिथून उत्तरं देत होती.